तुकडीनायकाची खूण: रणांगणातून खेळाच्या टेबलावर

टेबलावर लहान आकृत्या मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळासाठी रंगवलेल्या सैन्यात दहा आकृत्यांच्या तुकडीचा नायक पाहताक्षणी ओळखू यावा, ही अपेक्षा आता इतकी रुळली आहे की ती केवळ रंगवणाऱ्यांच्या हौसेतून आली असावी, असे वाटू शकते. प्रत्यक्षात तिच्यामागे खऱ्या सैन्यांना पिढ्यानपिढ्या सतावणारी अडचण आहे. जो नायक आपल्या माणसांना ठळक दिसतो, तो शत्रूच्या नेमबाजालाही तितकाच ठळक दिसतो.

रोमन सैन्यात सुमारे ऐंशी जणांवर एक सेंच्युरियन असे. त्याच्या शिरस्त्राणावरील तुरा कपाळाकडून मानेकडे न जाता या कानाकडून त्या कानाकडे आडवा बसवलेला असे, आणि आपल्या शिपायांना तो लवकर ओळखता यावा हेच त्यामागचे कारण रोमन लेखक व्हेजिटियस याने दिले आहे. हातातील द्राक्षवेलीची काठी ही त्याची दुसरी खूण. इंग्लंडमधील कोल्चेस्टर येथे सापडलेल्या मार्कस फॅव्होनियस फॅसिलिस या सेंच्युरियनच्या स्मृतिशिलेवर ती स्पष्ट कोरलेली आहे. रोमन सैन्य रंगवणारे आजही नायकासाठी प्रथम हाच आडवा तुरा शोधतात.

ब्रिटिश सैन्यात 1802 पासून सार्जंटच्या बाहीवर तीन कोनाकार फिती आल्या. किरमिजी कमरपट्टा त्याच्याकडे होताच. या फितींचा आपल्याशी थेट संबंध आहे. शिवकालीन पायदळात सर्वांत लहान तुकडीवर नाईक असे आणि पाच नाईकांवर एक हवालदार; भारतीय सैन्यात ही दोन्ही पदनावे आजही टिकून आहेत, मात्र नाईकाच्या बाहीवरील दोन आणि हवालदाराच्या बाहीवरील तीन फिती ब्रिटिश प्रथेतून आल्या आहेत.

बंदुकीचा पल्ला आणि अचूकता वाढल्यावर ठळक खुणा जिवावर बेतू लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश अधिकाऱ्यांची पदचिन्हे मनगटाजवळ बाहीवर होती. ती दुरून ओळखू येत म्हणून अनेकांनी ती खांद्यावर नेली, काहींनी तर साध्या शिपायाचा अंगरखा घालून हाती रायफल घेतली. 1944 मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकी सैन्याने यावर मला सर्वांत विचारपूर्वक वाटणारा तोडगा काढला: शिरस्त्राणाच्या मागच्या बाजूला अधिकाऱ्यासाठी उभा पांढरा पट्टा आणि सार्जंटसारख्या नायकांसाठी आडवा. मागून येणाऱ्यांना खूण दिसे, समोरच्या शत्रूला नाही.

खेळाच्या इतिहासात मात्र नायकाची गरज उशिराच भासली. प्रशियन सैन्याधिकारी राइसवित्झ यांच्या 1824 च्या युद्धखेळात नकाशावर ठोकळे सरकत, आणि एक ठोकळा म्हणजे अनेक सैनिकांची सबंध तुकडी असे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांसाठी नियम छापले, त्यांतही हातघाईचा हिशेब डोकी मोजूनच होई. 1971 च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळात एक वीर चार माणसांच्या बळाचा मानला गेला आणि एकट्या आकृतीला नियमांतच वजन आले. 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ आणि 1987 मध्ये ‘वॉरहॅमर 40,000’ हे ब्रिटिश खेळ आले. त्यांत तुकडीच्या नायकाचे मनोधैर्य इतरांहून सरस असू शके आणि त्याला वेगळी शस्त्रे देता येत. शिवाय जे शस्त्र नियमाने घेतले, तेच आकृतीच्या हाती दिसावे असा दंडक रूढ झाला. त्यामुळे नायक कोणता हे प्रतिस्पर्ध्यालाही न विचारता कळणे आवश्यक ठरले. खऱ्या युद्धात जे लपवायचे, ते खेळात उघड करायचे, हा उलटा प्रवास इथे पूर्ण झाला.

‘वॉरहॅमर 40,000’मधील अल्ट्रामरीन्स ही काल्पनिक फौज याचे उत्तम उदाहरण आहे. सगळी तुकडी निळ्या चिलखतात, आणि सार्जंटचे शिरस्त्राण तेवढे लाल. काही सार्जंटांच्या पाठीवर लहान निशाण उभे असते. जपानच्या सेनगोकू या गृहयुद्धांच्या काळातील योद्धे पाठीवर बांधत त्या साशिमोनो नावाच्या निशाणाशी त्याचे साम्य सहज जाणवते. उघडे डोके हीसुद्धा जुनी युक्ती आहे, कारण शिरस्त्राणांच्या रांगेत एकच चेहरा दिसला की नजर तिथेच थांबते.

या सर्व खुणांत छातीवरचे बारीक नक्षीकाम मला सर्वांत कमी उपयोगाचे वाटते, मग ते कितीही कौशल्याने रंगवलेले असो. जेमतेम 28 मिलिमीटरच्या मापाची ही आकृती खेळताना हातभर अंतरावरून दिसते, आणि खेळणाऱ्याला आपले सैन्य बहुतेक वेळ वरून आणि मागूनच दिसते. म्हणून नायकासाठी राखून ठेवलेला रंग डोक्यावर, खांद्यांवर आणि पाठीवर पडायला हवा, म्हणजे नॉर्मंडीतील सैनिकांनी पांढरा पट्टा ओढला होता, जवळजवळ त्याच जागी.