सराईत चोराला शिक्षा तेवढीच? एक खुलासा
"चोर पहिल्यांदा सापडो की दहाव्यांदा, शिक्षा तीच," हे नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत आणि इतवारीच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे ऐकू येणारे वाक्य चुकीचे आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ७५ मधील वाढीव शिक्षेची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्येही आहे: तीन वर्षे वा अधिक कैदेस पात्र अशा मालमत्तेच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेल्याने पुन्हा तसाच गुन्हा केला, तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही होऊ शकते. साध्या चोरीतही कलम ३०३ नुसार दुसऱ्या दोषसिद्धीला (न्यायालयाने दोषी ठरवण्याला) किमान एक व कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे.

मग हा समज टिकला कसा? पोलीस ठाण्याच्या नोंदीत एखाद्याच्या नावापुढे दुचाकीचोरीचे आठ गुन्हे दिसतात, आणि गाडी गमावलेल्या माणसाला ते पाहून संताप येणे स्वाभाविकच आहे. परंतु कायदा अटका मोजत नाही, दोषसिद्धी मोजतो. त्या आठांपैकी एकाचाही निकाल लागलेला नसेल, तर आता दोषी ठरला तरी कायद्याच्या दृष्टीने ती त्याची पहिलीच दोषसिद्धी असते. शिवाय आधीची दोषसिद्धी न्यायालयाने ठेवलेल्या दोषारोपात नमूद करावी लागते आणि, आरोपीने ती नाकारल्यास, निकालाच्या प्रमाणित उताऱ्यासारख्या पुराव्याने सिद्ध करावी लागते. माझ्या मते खरी उणीव इथेच आहे: तो उतारा वेळेत न्यायालयासमोर आला नाही, तर वाढीव शिक्षेचे कलम कागदावरच राहते.