तळोद्याची बैलगाडी आणि सातपुड्याचं लाकूड

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याची ओळख दोन-चार वाक्यांत उरकली आहे. खानदेशातली सगळ्यात मोठी लाकूडपेठ, रोशा तेलाचा आणि धान्याचा व्यापार, आणि खानदेशातल्या सर्वांत चांगल्या बैलगाड्या बनवणारं गाव. एका गाडीची किंमत सुमारे ४० रुपये.

पेठ इथेच का वसली, हे नकाशाच सांगतो. उत्तरेला सातपुडा आणि अक्राणीचा डोंगराळ मुलूख, दक्षिणेला तापीकाठची काळीभोर सपाट शेतजमीन. लाकूड डोंगरात आणि गिऱ्हाईक मैदानात, मधे तळोदा. गाड्या नावाजल्या त्याचं कारण मात्र लाकडाच्या आत शोधावं लागतं.

नुसतं चाक घेतलं तरी पुरे. तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल ठोकळ्याला, आरे बसवायला चहूबाजूंनी खोल भोकं पाडतात. साग सरळ तंतूंचा असल्यामुळे इतकी भोकं पाडून वर हादरे बसले की तो उभा चिरतो. तिथे तिवस लागतो. तिवसाचे तंतू एका थरात एका बाजूला, तर पुढच्या थरात उलट बाजूला कललेले असतात, त्यामुळे चिरेला पुढे सरकायला सरळ वाट मिळत नाही. मैदानात हेच काम बाभळीवर भागवत. आसाला धावडा हवा, कारण तो वाकतो, झटका सोसतो, पण सहजी मोडत नाही. कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच करतात तो त्यासाठीच. सागाची जागा साट्यात, म्हणजे गाडीच्या वरच्या सांगाड्यात. तो फुगत-आक्रसत कमी, आणि त्याच्या गाभ्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या रसायनांमुळे वाळवी त्याच्या फारशी वाटेला जात नाही.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि त्यांच्या भिंतींत. आधी पोकळीतलं पाणी उडतं, तोवर लाकडाचं माप बदलत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांवर आला की भिंती सुकू लागतात आणि तिथून लाकूड आक्रसतं. तेही सगळीकडून सारखं नाही. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट आखडतं, म्हणून उन्हात टाकलेल्या ओंडक्याला गाभ्यापासून सालीकडे तडे जातात. खानदेशचा वैशाख कोणाला सांगायला नको. ओल्या लाकडाचं चाक पहिल्याच उन्हाळ्यात खिळखिळं व्हायचं. लाकूड आधी नीट मुरवायचं, मग चाकावर धाव चढवायची. ही लोखंडी पट्टी चाकापेक्षा किंचित लहान घेऊन लाल होईस्तोवर तापवत, प्रसरण पावली की बसवत आणि वर पाणी ओतत. थंड होताना ती आरे आणि पुठ्ठे (चाकाच्या कडेचे वाकडे तुकडे) एकमेकांत आवळून टाके. तरी उन्हाळ्यात चाक सैल पडलंच, तर पाण्यात भिजत ठेवायचं.

रोशा तेलाबद्दल थोडं सांगायलाच हवं. डोंगरउतारावरचं तिखाडी गवत भट्टीवर उकळून हे तेल काढत. त्यातल्या जिरॅनिऑल या घटकाचा वास गुलाबाच्या जवळ जाणारा, त्यामुळे मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे ते तुर्कस्तानात पोचे आणि तिथल्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. सातपुड्यातलं गवत इस्तंबूलच्या बाजारात गुलाब म्हणून खपत होतं, ही मला या इतिहासातली सर्वांत मजेदार गोष्ट वाटते.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. या कोपऱ्यात काठी, चिखलीसारखी, मेवासी म्हणवली जाणारी छोटी संस्थानं होती. तळोद्याच्या वनविभागाला आजही मेवासी वनविभाग म्हणतात. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली आणि भिल्ल-पावऱ्यांचा कुऱ्हाडीचा हक्क परवान्याच्या कागदावर आला. वनखात्याच्या हिशेबात लाकडाचे दोनच रकाने, साग आणि आडजात. तिवस, धावडा, बिबला, अंजन सगळे दुसऱ्या रकान्यात एकत्र. गाडी बनवणाऱ्या सुताराच्या लेखी हे चार वेगळे माल होते.

१९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे तापीच्या दक्षिणेकडून नवापूर, नंदुरबारमार्गे गेली. तळोदा नदीच्या उत्तरेला राहिलं आणि वखारी रुळांच्या बाजूला वाढल्या. पुढे टायरगाडी आली, तुंबे आणि आसांची मागणी संपली.

तिवस-धावडा मागे पडून जंगलाचा तोल सागाकडे झुकला तो फक्त खात्यामुळे, असं मी म्हणणार नाही. सागाचा स्वभावही त्याला धार्जिणा आहे. तोडला की बुंध्यातून जोमाने फुटतो, वणव्यातून तगतो, गुरं त्याच्या खरखरीत पानाला तोंड लावत नाहीत. तिवसाचा पाला उलट गुरांचा आवडता. त्याच्या मुळांतून नवे फुटवे येतात, पण चराई थांबली नाही तर ते गुडघ्याच्या वर जात नाहीत. धावड्याची अडचण बियांतच आहे. फळं भरपूर धरतात, पण बहुतेक पोकळ निघतात, शंभर पेरावीत तर मोजकीच उगवतात. सागजड्या, म्हणजे लावणीसाठी छाटलेली सागाची मुळासकट खुंटं, मात्र रोपवाटिकेत हव्या तितक्या करता येतात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक हक्काचं जंगल सांभाळायचा अधिकार दिला आहे. तिथे तिवस वाढवायचा तर रोपं लावण्याआधी दोन-चार पावसाळे चराईबंदी हवी. धावड्यासाठी आज उभी असलेली जुनी झाडं राखणं हाच खात्रीचा उपाय.