करकचून ब्रेक लागला की चारही इंडिकेटर का लुकलुकतात?

खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून पुण्याकडे निघालं की पुढे ते बदनाम 'एस' वळण. तिथे पुढच्या गाडीने जोरात ब्रेक मारला, तर कधीकधी तिचे ब्रेक लाईट किंवा चारही इंडिकेटर भराभर लुकलुकताना दिसतात. ड्रायव्हरने लाल त्रिकोणाचं, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणाऱ्या 'हॅझर्ड'चं बटण दाबलेलं नसतं, तेवढी उसंत कुठली! ते काम गाडीच करते.

मूळ अडचण जुनी आहे. पाय पेडलवर आहे, एवढंच ब्रेक लाईट सांगते. हलकेच टेकवला काय नि करकचून दाबला काय, दिवा तेवढाच लाल. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना मागे जादा ब्रेक लाईट लावून प्रयोग झाला. १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत कारना मधला तिसरा दिवा सक्तीचा झाला. दिवा नजरेत भरू लागला, पण ब्रेक किती जोरात लागलाय हे कळायची सोय तरीही नव्हती.

मर्सिडीजने २००५ च्या एस-क्लासमध्ये लुकलुकणारे ब्रेक लाईट दिले, तेव्हा अमेरिकेत नियम आडवा आला. तिथे ब्रेक लाईट स्थिरच जळायला हवा. शेवटी २००६ मध्ये मोजक्या गाड्यांपुरती तात्पुरती सूट मिळाली. युरोपात मात्र संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीत ही सोय ऐच्छिक म्हणून आली, आणि तिच्या अटी मला फार विचारपूर्वक घातलेल्या वाटतात. वेग ताशी ५० किमीच्या वर हवा. कारचा वेग सेकंदाला किमान ६ मीटर प्रति सेकंद इतका झपाट्याने उतरत असेल, किंवा एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) पूर्ण जोराने काम करत असेल, तरच हा इशारा सुरू होतो. बस-ट्रकसाठी तो आकडा ४ आहे. वेग उतरण्याचा हा दर २.५ च्या खाली आला की इशारा बंद. नेहमीचे हॅझर्ड मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतात, हे दिवे सेकंदाला साधारण ४ वेळा. म्हणजे बिघडून कडेला थांबलेली गाडी आणि जिवाच्या आकांताने थांबणारी गाडी, दोन्ही मागच्याला वेगळ्या ओळखू याव्यात. काही गाड्या पुढे पूर्ण थांबल्या की साधे हॅझर्ड आपोआप लावतात, त्यालाही परवानगी आहे.

युरोपियन युनियनने २०१९ च्या कायद्याने हे सक्तीचं केलं: जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला.

आपल्याकडे अशी सक्ती नाही; कंपनी देईल त्या मॉडेलमध्ये मिळतं. पण इथे इशाऱ्याचा अर्थच पातळ झालाय. पावसात घाट चढताना चारही इंडिकेटर चालू, चौकात सरळ जायचं तरी चालू, नो पार्किंगमध्ये 'दोन मिनिटं' थांबायचं तरी चालू. दिवसभर हेच बघणाऱ्या मागच्या ड्रायव्हरला त्यातला खरा इशारा कसा ओळखू यावा? ताशी ८० ने तो सेकंदाला २२ मीटर पुढे येत असतो.

शिवाय ऊस हंगामात कराड-सांगली पट्ट्यात प्रश्न पुढे चाललेल्या वाहनाचा असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री समोर असतो आणि मागच्या ट्रॉलीला कित्येकदा ब्रेक लाईटची वायरच जोडलेली नसते. कारखाने आणि आरटीओ हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावून घेतात. त्याने ट्रॉली दिसते. ती थांबतेय हे मात्र जवळ गेल्यावरच कळतं.