बेडफर्ड पार्क, लंडन

पश्चिम लंडनमध्ये चिझिकलगत वसलेले ऐतिहासिक निवासी उपनगर. १८६९ मध्ये टर्नम ग्रीन स्थानक सुरू झाले आणि लंडनच्या मध्यवस्तीत रोज ये-जा करणे सोपे झाले. ही संधी हेरून जोनाथन कार या कापड व्यापाऱ्याने १८७५ पासून येथे घरे बांधायला घेतली. सुरुवातीचे आराखडे वास्तुविशारद ई. डब्ल्यू. गॉडविन यांचे असले, तरी वसाहतीला तिचा चेहरा दिला तो रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी.

घरांची शैली ‘क्वीन ॲन रिव्हायव्हल’ म्हणून ओळखली जाते. लाल विटा, कौलांनी मढवलेल्या तिकोनी दर्शनी भिंती, पांढरी रंगवलेली लाकडी चौकट आणि उंच धुराडी ही तिची लक्षणे. घरे पाहताना घाई करू नये. पहिल्या नजरेला प्रत्येक घर निराळे वाटते; प्रत्यक्षात मोजकेच आराखडे पुन्हा पुन्हा वापरलेले आहेत. एकाच्या खिडकीला बाक दिला, दुसऱ्याचा सज्जा पुढे काढला, इतकाच फरक. मधल्या जुन्या झाडांना हात न लावता रस्ते वळवले, हा निर्णय तर आजच्या बांधकाम व्यावसायिकांनीही गिरवावा असा आहे.

स्थानकातून बाहेर पडले की काही मिनिटांतच सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे शॉ यांचे चर्च लागते. छपराच्या कडेने धावणारा पांढरा लाकडी कठडा त्याला गावच्या घरासारखा आपलेपणा देतो. समोरच्या टॅबर्ड या पबमध्ये विल्यम डी मॉर्गन आणि वॉल्टर क्रेन या कलाकारांच्या नक्षीदार फरशा भिंतीवर आहेत. त्या जवळ जाऊन पाहाव्यात. साउथ परेड या रस्त्यावर वास्तुविशारद सी. एफ. ए. व्हॉयसी यांनी आखलेले १८९१ चे उंच, पांढरे घर लाल विटांच्या शेजारात मुद्दाम वेगळे उभे आहे. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांचे कुटुंब ब्लेनिम रोडवर राहत असे.

विसाव्या शतकात वसाहतीची उपेक्षा झाली. कार यांचे स्वतःचे टॉवर हाउस १९३० च्या दशकात पाडले गेले. पुढे आणखी पाडकाम होऊ लागल्यावर रहिवाशांनी १९६३ मध्ये बेडफर्ड पार्क सोसायटी स्थापन केली. त्यांच्या चिकाटीमुळे १९६७ मध्ये ३५६ घरांना एकगठ्ठा वारसा संरक्षण मिळाले. हे श्रेय सर्वस्वी रहिवाशांचे.

घरे खाजगी असल्याने ती पदपथावरूनच पाहावी लागतात. भेटीसाठी जून महिना उत्तम, कारण तेव्हा येथे वार्षिक उत्सव भरतो आणि काही रहिवासी आपल्या बागा पाहुण्यांसाठी खुल्या करतात.