प्रीअॅम्प आणि पॉवर अॅम्पचा इम्पिडन्स ‘जुळवायचा’ नसतो

प्रीअॅम्प म्हणजे आवाज कमी-जास्त करून पुढे पाठवणारं उपकरण, पॉवर अॅम्प म्हणजे स्पीकर चालवणारं, आणि इम्पिडन्स म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, जो ओहममध्ये मोजतात. ‘प्रीअॅम्पचं आउटपुट 600 ओहम आणि पॉवर अॅम्पचं इनपुट 47 किलोओहम, म्हणजे जोडी जुळत नाही, मधे ट्रान्सफॉर्मर लावा’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे. या भीतीपोटी चांगली उपकरणं विकून टाकली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

समान इम्पिडन्सचा नियम टेलिफोनच्या लांबच लांब तारांमधून आला. तिथे जास्तीत जास्त शक्ती पोचवायची होती. घरातल्या मीटरभर केबलमधून आपल्याला व्होल्टेज पोचवायचं असतं. 600 ओहमला 600 ओहमच जोडले, तर निम्मं व्होल्टेज वाया जातं, म्हणजे 6 डेसिबलची (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) घट. 47 किलोओहमला जोडले, तर घट जेमतेम 0.1 डेसिबल. इनपुटचा इम्पिडन्स आउटपुटच्या किमान दहापट असावा, जास्त असेल तर उत्तमच.

खरी अडचण उलट्या बाजूला, म्हणजे इनपुटचा इम्पिडन्स फार कमी असला की येते, विशेषतः व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) प्रीअॅम्पमध्ये. त्याच्या आउटपुटला 0.47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (खालचे स्वर अडवू शकणारा भाग) असेल आणि पुढे 10 किलोओहमचं इनपुट आलं, तर 34 हर्ट्झलाच आवाज 3 डेसिबलने उतरलेला असतो. खर्ज पातळ होतो. तेच इनपुट 100 किलोओहमचं असेल तर ही मर्यादा 3.4 हर्ट्झवर जाते.

रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट वेगळी. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुई धरणाऱ्या, चुंबकावर चालणाऱ्या भागाला) सहसा 47 किलोओहमच लागतात. डिजिटल कोअॅक्शियल केबलही 75 ओहमचीच हवी.