स्पॉटिंग स्कोपमधील रेटिकल : मोजणीच्या दुर्बिणीपासून नेमबाजीपर्यंत

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे गोळी कुठे लागली हे पाहणाऱ्या निरीक्षकाची दुर्बीण, घ्यायचा म्हटले, की आधी तो किती पट मोठे दाखवतो हे विचारले जाते आणि रेटिकलचा, म्हणजे दृश्यावर दिसणाऱ्या मोजमापाच्या खुणांचा, विचार मागाहून होतो. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रेटिकल हे मुळात मोजमापाचे साधन असून ते खगोलशास्त्र आणि जमीनमोजणी यांतून बंदुकीपर्यंत आले आहे.

गॅलिलिओच्या धर्तीच्या दुर्बिणीत नळीच्या आत खरी प्रतिमा तयारच होत नसल्याने खूण बसवायला जागा नव्हती. केप्लरने १६११ मध्ये दोन बहिर्गोल भिंगांची रचना मांडली आणि ती जागा मिळाली. १६४० च्या सुमारास इंग्लंडमधील विल्यम गॅस्कोइन याच्या दुर्बिणीत नेमका तेथेच कोळ्याचा धागा आला. तो धागा आणि दूरचे दृश्य एकाच वेळी स्पष्ट दिसते हे पाहून त्याने सूक्ष्म कोन मोजणारा मायक्रोमीटर घडवला. मोजणीच्या यंत्रांनी ही युक्ती उचलली. मराठवाड्याला लागूनच असलेल्या बीदरजवळ लॅम्ब्टनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने १८१५ मध्ये आधाररेषा, म्हणजे त्रिकोणांची जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली बाजू, मोजली; तिच्यावरून पुढचे कोन मोजताना थिओडोलाइट या कोनमापक यंत्राच्या दुर्बिणीतील अशाच तारांवर भिस्त होती. आपल्याकडे कालव्याच्या किंवा पाझर तलावाच्या कामावर ज्यांनी लेव्हलमधून, म्हणजे समपातळी पाहण्याच्या दुर्बिणीतून, पाहिले आहे, त्यांना मधल्या आडव्या तारेच्या वर-खाली असलेल्या दोन आखूड तारा आठवतील. त्यांच्यामध्ये स्टाफचा, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या मोजपट्टीचा, जेवढा भाग दिसतो, त्याला शंभरने गुणले की अंतर मिळते.

मिल-डॉट रेटिकलचे तत्त्व हेच आहे. तोफखान्यात रुळलेले मिल हे कोनाचे माप १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मरीन कोअरच्या स्नायपरांसाठी ठिपक्यांच्या रूपात रायफलच्या दुर्बिणीत आले. निरीक्षकाचा स्कोप मात्र मागे राहिला होता. अमेरिकी लष्कराच्या जुन्या, वीस पटींच्या एम-४९ मध्ये रेटिकल नव्हते. नंतरच्या एम-१५१ मध्ये ते आले आणि "जरा डावीकडे" ऐवजी आकडा सांगता येऊ लागला.

एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. ६०० मीटरवर गोळी ६० सेंटिमीटर डावीकडे लागली, तर स्कोपमध्ये एक मिल दिसतो आणि नेम सरकवण्याच्या चाकतीचे एक क्लिक ०.१ मिलचे असलेल्या रायफलवर दहा क्लिक फिरवले की काम होते. रायफल पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिकची असेल, तर तोच फरक सुमारे चौदा क्लिकचा होतो आणि हिशेब करण्यात वेळ जाऊन तेवढ्यात वारा बदलतो. म्हणून रायफलच्या दुर्बिणीचे आणि स्पॉटिंग स्कोपचे एकक एकच असावे, ही पहिली अट.

दुसरी अट आपल्या हवामानाची आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात, विशेषतः काळ्या रानावर, सकाळ सरली की जमिनीलगतची हवा थरथरू लागते. तिच्या वाहण्यावरून वारा ओळखता येतो, पण चाळीस पटींवर टार्गेट उकळल्यासारखे दिसते आणि वीसच्या आसपास उतरावे लागते. रेटिकल दुसऱ्या प्रतलात, म्हणजे पट बदलली तरी खुणांचा आकार तोच राहील असे बसवलेले, असून चाळीस पटींवर खरे ठरणारे असेल, तर वीसवर त्याचा एक मिल प्रत्यक्षात दोन मिल दाखवतो. पहिल्या प्रतलातील रेटिकल दृश्याबरोबर लहानमोठे होत असल्याने त्याचे माप प्रत्येक पटीवर खरे राहते. कमी पटींवर त्याच्या रेषा बारीक होतात, त्यामुळे भर दुपारी पंधरा-वीस पटींवर त्या वाचता येतात का, हे घेण्यापूर्वी स्वतः पाहावे.