कुत्र्यांमधील यीस्टचा त्वचासंसर्ग

कुत्र्याच्या त्वचेवर आणि कानांत मॅलासेझिया पॅकिडर्मॅटिस नावाचे यीस्ट एरवीही वस्तीला असते. ते प्रमाणाबाहेर वाढले, किंवा कुत्र्याच्या शरीराने त्याच्याविरुद्ध अतिरेकी प्रतिक्रिया दिली, म्हणजे जो खाजरा, तेलकट आणि उग्र वासाचा विकार होतो त्याला मॅलासेझिया त्वचादाह म्हणतात; कानात झाला तर मॅलासेझिया कर्णदाह. व्यवहारात दोन्हींना ‘यीस्ट इन्फेक्शन’ असेच म्हटले जाते. माणसांत परिचित असलेले कॅन्डिडा हे यीस्ट कुत्र्यांच्या त्वचेवर क्वचितच रोग करते. हा संसर्ग बहुधा दुसऱ्या कुत्र्याकडून ‘लागलेला’ नसतो. त्वचेचे किंवा शरीराचे काहीतरी आधी बिघडलेले असते आणि यीस्टला त्यामुळे वाव मिळतो. ही गोष्ट नजरेआड झाली की औषधे बदलत राहतात आणि कुत्रा वर्षानुवर्षे खाजवत राहतो.

सूक्ष्मजीव

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये माणसाच्या त्वचेच्या कोंड्यात या गटातील पेशींचे वर्णन केले. पुढे या गटाला त्यांचेच नाव मिळाले. त्यातली कुत्र्यांवर आढळणारी पॅकिडर्मॅटिस ही जाती मात्र प्रथम कुत्र्यावर सापडली नाही. १९२५ मध्ये फ्रेड वाइडमन यांनी ती वेगळी केली ती एका भारतीय एकशिंगी गेंड्याच्या सोलवटलेल्या कातडीवरून. कुत्र्यांच्या कानदुखीशी तिचा संबंध १९५० च्या दशकात जोडला गेला. अंगावरच्या त्वचारोगाचे कारण म्हणून तिला मान्यता मिळायला त्यानंतरही बराच काळ गेला. तोवर अशा कुत्र्यांवर केवळ ‘ॲलर्जी’ किंवा ‘सेबोरिया’ (त्वचा तेलकट होऊन कोंडा धरण्याचा विकार) असा शिक्का बसत असे.

सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी भुईमुगाच्या शेंगेसारख्या, कमरेशी किंचित आवळलेल्या दिसतात, कारण नवी पेशी जुन्या पेशीच्या एकाच टोकाला रुंद बुडख्याने फुटते. आकार साधारण ३ ते ८ मायक्रॉन. ओठांच्या कडा, बोटांमधल्या फटी, कान आणि गुदद्वाराभोवतीची जागा ही या यीस्टची नेहमीची ठिकाणे. त्याला स्वतःला मेदाम्ले तयार करता येत नाहीत. त्वचेवरच्या तेलकट स्रावातून ती घ्यावी लागतात. म्हणून जिथे तेल, ओल आणि ऊब एकत्र येते तिथे ते फोफावते.

कशामुळे वाढते

सर्वांत मोठे कारण ॲलर्जी. धूळ, परागकण, घरातील माइट (कोळ्याच्या कुळातले सूक्ष्म जीव) यांची ॲलर्जी म्हणजे ॲटोपिक त्वचादाह बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात डोके वर काढतो. अन्नाची ॲलर्जी कोणत्याही वयात होऊ शकते. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आपल्याकडे बारमाही असते, कारण पिसवा मारून टाकण्याइतकी थंडी किनारपट्टीवर पडतच नाही. उतारवयात कधी नव्हे तो यीस्टचा त्रास सुरू झाला तर संशय संप्रेरकांवर घ्यावा. थायरॉइड मंदावलेला कुत्रा सुस्तावतो, वजन वाढते, दोन्ही कुशींवरचे केस सारखे विरळ होतात. कुशिंग विकारात, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त झाल्यावर, तहान आणि लघवी वाढते, पोट सुटते. वारंवार किंवा दीर्घकाळ दिलेल्या स्टेरॉइडमुळेही त्वचेची राखण ढिली पडते.

जातींचाही हात आहे. बॅसेट हाउंड, वेस्ट हायलंड व्हाइट टेरिअर, कॉकर स्पॅनिअल, शिह त्झू, जर्मन शेफर्ड, डॅक्सहुंड या जातींत हा विकार अधिक दिसतो. महाराष्ट्रातील शहरांत लोकप्रिय झालेला पग घड्यांच्या तोंडामुळे आणि लॅब्रॅडॉर ॲलर्जीच्या प्रवृत्तीमुळे या यादीच्या जवळ येतो. पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या दमट हवेत भिजलेले अंग तासन्‌तास ओले राहते. दाट केसांचा कुत्रा वरून कोरडा वाटतो, पण बोटे केसांत खोल घातली की बुडाशी ओल लागते. नुसती ओल मात्र निरोगी कुत्र्याला सहसा आजारी पाडत नाही. आधीच दुखावलेल्या त्वचेला ती पुरते.

ओळख

पहिले लक्षण खाज आणि बहुतेकदा पहिली तक्रार वास. हा वास आंबूस, कुबट असतो आणि अंघोळीनंतर एक-दोन दिवसांत परत येतो. ज्या घरात कुत्रा पलंगावर झोपतो तिथे चादरींना येतो. त्वचा आधी लालसर होते. मग पिवळट किंवा राखाडी तेलकट कोंडा धरतो, तो केसांना चिकटून राहतो. गळ्याची खालची बाजू, काखा, जांघा, पोट, शेपटीखालचा भाग, चेहऱ्याच्या घड्या आणि पंजे ही पाहण्याची ठिकाणे. कुत्रा उताणा करून पाहिल्याशिवाय यातले निम्मे दिसतच नाही.

पंजांकडे विशेष लक्ष द्यावे. बोटांमधली जागा लाल, ओलसर आणि चाटून चाटून केस गंजासारख्या तांबूस रंगाचे झालेले असतात. तो रंग लाळेचा. त्यावरून फक्त कुत्रा तिथे सतत चाटतो एवढेच कळते. नखांच्या बुडाशी तपकिरी मेणचट थर बसलेला असेल तर तो यीस्टचा अधिक नेमका पुरावा. रोग जुना झाला की केस जातात, त्वचा काळवंडते, जाड होते, तिला खोल रेघा पडतात. काळी पडलेली त्वचा ‘म्हातारपणामुळे’ किंवा ‘जातीमुळे’ तशी आहे, असे समजून सोडून दिलेले कुत्रे फार आढळतात, आणि त्यांना किती खाज सुटत असेल याचा विचार झालेला नसतो. उपचारांनंतर हीच त्वचा हळूहळू मऊ होते, केसही येतात.

आणखी एक खूण अनुभवी पशुवैद्य विचारून घेतात. आजवर ज्या औषधाने ॲलर्जीची खाज आटोक्यात राहत होती, ते अचानक लागू पडेनासे झाले का? तसे झाले असेल तर ॲलर्जीवर यीस्टची किंवा जिवाणूंची भर पडल्याची शक्यता मोठी.

कानातल्या संसर्गात तपकिरी ते काळपट मेणचट मळ, डोके झटकणे, कान जमिनीवर घासणे आणि कानामागे खाजवताना कण्हणे दिसते. कुत्र्याचा कर्णमार्ग सरळ नसतो. आधी खाली उतरतो आणि मग आत वळतो. त्यामुळे मळ आपोआप बाहेर पडत नाही आणि कापसाच्या काडीने तो आणखी आत ढकलला जातो. जोरजोरात डोके झटकून कानाच्या पाळीतील रक्तवाहिनी फुटते व पाळी रक्ताने फुगते, तेव्हा अनेक जण दवाखान्याची वाट धरतात.

निदान

वास आणि रूप पाहून निदान पक्के होत नाही. खरूज, डेमोडेक्स माइट, दाद आणि स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचा संसर्ग वरकरणी असाच दिसतो, आणि आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट ‘लूत’ म्हटले जाते. लूत म्हटली की आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन ही पुढची पायरी ठरलेली. ते माइटवर चालते, यीस्टवर अजिबात नाही.

खरी तपासणी साधी आणि स्वस्त आहे: पेशींचा नमुना. पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून, काचपट्टी थेट घासून, कानातून कापसाच्या बोळ्याने किंवा नखाच्या बुडाचा थर लाकडी टूथपिकने खरवडून नमुना घेतात. तो रंगवून तेलाच्या भिंगाखाली, म्हणजे १००० पट मोठा करून, पाहतात. जांभळ्या-निळ्या पेशी काही मिनिटांत दिसतात. माइट शोधण्यासाठी त्याच वेळी त्वचा खरवडून पाहावी. किती पेशी दिसल्या म्हणजे रोग, याचा सर्वमान्य आकडा नाही. काही कुत्र्यांना यीस्टचीच ॲलर्जी असते. त्यांच्यात मोजक्या पेशींनीही असह्य खाज सुटते. म्हणून लक्षणे जुळत असतील आणि थोडे जरी यीस्ट दिसले तरी उपचार करून पाहणे योग्य ठरते. प्रयोगशाळेत यीस्ट वाढवून पाहण्याची गरज क्वचितच पडते, कारण निरोगी कुत्र्यातूनही ते वाढते.

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा शहरातील खासगी दवाखान्यांत ही तपासणी होऊ शकते. गावातल्या दवाखान्याचा भर गाई-म्हशींवर असतो, तिथे नमुना पाहण्याची सोय नसेल तर विचारून ठेवावे. काचपट्टीवरचा वाळलेला नमुना दुसरीकडे नेऊन दाखवता येतो.

उपचार

२०२० मध्ये वर्ल्ड असोसिएशन फॉर व्हेटर्नरी डर्मटॉलॉजी या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वांत भक्कम पुरावा आहे तो २ टक्के मायकोनॅझोल (बुरशीनाशक) आणि २ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) एकत्र असलेल्या शाम्पूचा, आठवड्यातून दोनदा. ३ टक्के क्लोरहेक्सिडीनचा शाम्पूही उपयोगी पडतो. शाम्पूचा गुण वेळेवर अवलंबून असतो. फेस अंगावर पूर्ण १० मिनिटे राहिला पाहिजे, घड्याळ लावून. तेवढा वेळ कुत्र्याला रमवणे हे खरे काम. तोवर त्याला चाटू देऊ नये, डोळे सांभाळावेत. मग भरपूर पाण्याने धुऊन बुडापर्यंत कोरडे करावे, विशेषतः बोटांच्या फटी. शाम्पूऐवजी जागेपुरते पुसण्याचे औषधी वाइप्स किंवा मलम फक्त पंजे वा घड्यांचा त्रास असेल तेव्हा पुरेसे होते.

रोग अंगभर पसरला असेल, त्वचा जाड झाली असेल किंवा कुत्र्याला अंघोळ घालणे शक्यच नसेल, तर पोटातून औषध देतात. इट्राकोनॅझोल दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम, रोज किंवा आठवड्यात सलग दोन दिवस; किंवा केटोकोनॅझोल दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा वा दोनदा. दोन्ही जेवणासोबत, काही आठवडे. उलट्या, भूक मंदावणे आणि यकृतावर ताण हे दुष्परिणाम असल्याने रक्ततपासणी करून घेणे बरे. केटोकोनॅझोलचा एक धोका भारतात ठळकपणे सांगायला हवा: ते आयव्हरमेक्टिनला मेंदूपासून दूर ठेवणारी व्यवस्था रोखते, त्यामुळे दोन्ही एकत्र दिल्यास विषबाधा होऊ शकते. आधी लुतीचे इंजेक्शन झाले असेल तर ते डॉक्टरांना न चुकता सांगावे. दादीवर दिले जाणारे ग्रिसिओफुल्विन या यीस्टवर काम करत नाही. प्रतिजैविकांचाही त्यावर परिणाम नाही. जिवाणूही सोबत असतील तरच ती लागतात.

कानाच्या बाबतीत थेंब घालण्याआधी पडदा शाबूत आहे का हे पाहावे लागते. पडदा फाटलेला असताना क्लोरहेक्सिडीनसारखी द्रव्ये आतल्या कानाला इजा करू शकतात. घरात उरलेले जुने थेंब म्हणूनच घालू नयेत. सूज खूप असेल तर आधी ती उतरवून मग कान धुतात.

घरगुती उपाय आणि आहार

खोबरेल तेल, हळद, दही, कडुलिंबाचा पाला, व्हिनेगर हे उपाय प्रेमापोटीच केले जातात, पण त्यातले काही उलटतात. मॅलासेझियाच्या अनेक जाती प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी माध्यमावर तेल घालावे लागते. हे लक्षात घेतले की तेलकट त्वचेवर आणखी तेल चोपडणे का टाळावे ते कळते. हळदीच्या लेपाने लाली झाकली जाते आणि तपासणी अवघड होते. व्हिनेगर फुटलेल्या त्वचेला झोंबते. टी ट्री ऑइल कुत्र्याने चाटले तर थरकाप, लटपटणे अशी विषबाधा होते. ते घरात असले तरी कुत्र्यापासून लांब ठेवावे. भटक्या कुत्र्यांच्या अंगावर गॅरेजमधले जळके ऑइल ओतण्याची रीत सर्वांत क्रूर. ते चाटल्याने पोटात जाते, त्वचा पोळते आणि यीस्ट जागच्या जागी राहते. अशा कुत्र्याची दया येत असेल तर त्याला प्राणिमित्र संस्थेच्या रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचवावे.

‘साखर आणि पिष्ट बंद केले की यीस्ट उपाशी मरते’ हा समज समाजमाध्यमांवर जोरात आहे. त्वचेवरचे यीस्ट मेदावर जगते, भात-पोळी थांबवून ते कमी होते याला पुरावा नाही. आहार बदलण्याचे खरे कारण वेगळे आहे: अन्नाची ॲलर्जी. ती तपासण्यासाठी कुत्र्याने पूर्वी न खाल्लेला एकच प्रथिनस्रोत किंवा तयार हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला) आहार किमान आठ आठवडे द्यावा लागतो. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू यांची ॲलर्जी कुत्र्यांत वारंवार नोंदली गेली आहे, म्हणजे आपल्या घरांतली दूध-पोळी आणि चिकन-भात दोन्ही त्यात आली. या काळात आजीने हळूच दिलेला एक बिस्किटाचा तुकडाही निष्कर्ष बिघडवतो, म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी बसवून समजावणे आवश्यक.

माणसांना धोका

निरोगी माणसाला हा संसर्ग कुत्र्याकडून सहसा होत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका नवजात अतिदक्षता विभागात अशक्त बालकांमध्ये मॅलासेझिया पॅकिडर्मॅटिस पसरल्याचे प्रसिद्ध झाले. एका परिचारिकेच्या हातावर आणि कर्मचाऱ्यांच्या पाळीव कुत्र्यांवर तेच यीस्ट सापडले, आणि हात धुण्याची शिस्त कडक केल्यावर साथ थांबली. घरात तान्हे बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती असेल तर कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याला घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

पुनरावृत्ती

तीन-चार आठवड्यांनी नमुना पुन्हा पाहून मगच उपचार थांबवावेत. वास गेला आणि खाज कमी झाली एवढ्यावर औषध बंद केल्यास उरलेले यीस्ट परत वाढते. मूळ कारण औषधाने आटोक्यात येण्यासारखे असेल, उदाहरणार्थ मंद थायरॉइड, तर गोळ्या सुरू झाल्यावर त्वचाही हळूहळू सुधारू लागते. ॲटोपिक कुत्र्याची ॲलर्जी जन्मभर राहते, म्हणून त्याच्यासाठी आठवड्याची किंवा पंधरवड्याची औषधी अंघोळ, पिसवांचे औषध आणि पावसाळ्यात रोज फिरून आल्यावर पंजे पुसून कोरडे करणे हे कायमचे वेळापत्रक आखावे लागते. खाजेवरची ओक्लासिटिनिबसारखी औषधे ॲलर्जी आटोक्यात ठेवतात. यीस्ट आधीच वाढलेले असेल तर त्याच्यावरचा उपचार त्यांच्या जोडीने वेगळा करावा लागतो.